आरओ मेम्ब्रेनवरचा जैविक चिकटा: ओळखायचा कसा, काढायचा कसा आणि परत का येतो

आरओ (रिव्हर्स ऑस्मोसिस) प्लांटच्या मेम्ब्रेनवर, म्हणजे पाणी गाळणाऱ्या पातळ पडद्यावर, क्षार बसले तर ते बहुतेक वेळा आम्लात विरघळतात, आणि अँटिस्केलंटचा, म्हणजे क्षार बसू न देणाऱ्या रसायनाचा, डोस नीट केला की पुन्हा बसत नाहीत. गाळ येत असेल तर आधीचे फिल्टर सुधारले की थांबतो. जिवाणूंच्या चिकट्याचं तसं नाही. क्षार आणि गाळ बाहेरून जितके येतात तितकेच साठतात. जिवाणू मात्र आत आल्यावर वाढतात. येणाऱ्या पाण्यातले ९९.९ टक्के जिवाणू अडवले तरी उरलेले मूठभर जिवाणू मेम्ब्रेनवर जागा पकडतात आणि काही दिवसांत पुन्हा थर उभा करतात. म्हणून हा चिकटा एकदा साफ करून विसरण्यातली गोष्ट नाही.

आत नेमकं काय होतं, ते आधी बघू. फीडच्या, म्हणजे आरओत शिरणाऱ्या, पाण्याबरोबर आलेले जिवाणू मेम्ब्रेनच्या पृष्ठभागाला आणि त्यावरच्या प्लास्टिकच्या जाळीला, म्हणजे स्पेसरला, चिकटतात. चिकटल्यावर ते भोवती शर्करा आणि प्रथिनांचा बुळबुळीत थर सोडतात. हा थर त्यांचं घरही असतो आणि ढालही. पाण्यातलं अन्न त्यात अडकतं आणि बाहेरून आलेलं औषध आत पोचेपर्यंत खर्ची पडतं. वरच्या थरातले जिवाणू मरतात, खालचे जगतात, आणि मेलेल्यांचे अवशेष जगलेल्यांचं खाद्य होतात. नुसता जंतुनाशकाचा मारा करणारा प्लांट दर खेपेला आधीपेक्षा लवकर तुंबतो, तो याच कारणाने. कामं तीन आहेत आणि त्यांचा क्रम पक्का आहे: आधी थर काढायचा, मग उरलेले जिवाणू मारायचे, मग त्यांचं अन्न तोडायचं. तिसरं काम सगळ्यात कंटाळवाणं आहे, आणि खरा फरक त्यानेच पडतो.

टीडीएस नको, डीपी बघा

बहुतेक ठिकाणी ऑपरेटरचं लक्ष परमिएटच्या, म्हणजे गाळून निघालेल्या पाण्याच्या, टीडीएसवर (विरघळलेल्या क्षारांच्या प्रमाणावर) असतं. चिकट्याच्या बाबतीत हा आकडा सगळ्यात उशिरा बोलतो. सुरुवातीला टीडीएस जसाच्या तसा राहतो. तो वाढायला लागेपर्यंत थर इतका जाड झालेला असतो की साफसफाईने सगळं परत मिळणं अवघड.

पहिली खूण देतो तो डीपी, म्हणजे वेसलच्या (मेम्ब्रेन बसवलेल्या नळकांड्याच्या) फीड टोकाच्या आणि रिजेक्ट टोकाच्या (जिथून उरलेलं दाट पाणी बाहेर पडतं) दाबातला फरक. गुंडाळलेल्या मेम्ब्रेनच्या दोन पानांमधली पाण्याची वाट जेमतेम ०.७ ते ०.८६ मिलिमीटर उंच असते. स्पेसरच्या धाग्यांना थोडा जरी चिकटा लागला तरी ही वाट अरुंद होते आणि पाणी पुढे ढकलायला जास्त दाब लागतो. जिवाणूंना अन्न सगळ्यात आधी मिळतं ते पहिल्या स्टेजच्या (वेसलच्या ज्या गटात फीड आधी शिरतं त्याच्या) पहिल्या मेम्ब्रेनपाशी, त्यामुळे डीपी आधी तिथेच चढतो. परमिएटचा फ्लो त्यानंतर कमी होतो.

यासाठी प्रत्येक स्टेजचा डीपी वेगळा कळला पाहिजे. पूर्ण प्लांटचा एकच डीपी नोंदवत असाल तर पहिल्या स्टेजची वाढ बेरजेत लपते. फीड, दोन स्टेजच्या मधली लाइन आणि रिजेक्ट अशा तिन्ही जागांवरून बारीक नळ्या आणून, व्हॉल्व्ह लावून एकाच चांगल्या गेजला जोडा. तीन वेगवेगळ्या गेजची प्रत्येकी पाव बारची चूक एक बारच्या डीपीत केवढा गोंधळ घालते ते लक्षात घ्या. एकाच गेजवर घेतलेल्या दोन रीडिंगची वजाबाकी केली की त्या गेजची स्वतःची चूक जवळजवळ निघून जाते.

दुसरी अडचण अशी की गेजवरचा डीपी तसाच वापरता येत नाही, कारण फ्लो कमी झाला की डीपीही कमी दिसतो. समजा मेम्ब्रेन नवीन असताना पहिल्या स्टेजचा डीपी १.२ बार होता आणि सरासरी फ्लो, म्हणजे फीड आणि रिजेक्टची बेरीज भागिले दोन, १२ घनमीटर प्रतितास होता. आज डीपी १.२५ बार आहे आणि सरासरी फ्लो १०.८. वरवर पाहता वाढ फक्त ४ टक्के. पण डीपी साधारणपणे फ्लोच्या १.५ घाताच्या प्रमाणात बदलतो. १२ भागिले १०.८ म्हणजे १.११, त्याचा १.५ घात सुमारे १.१७. आजचा डीपी १.२५ गुणिले १.१७, म्हणजे सुमारे १.४६ बार. खरी वाढ २२ टक्के! साफसफाईची वेळ आधीच उलटून गेली आहे आणि लॉगशीट मात्र सगळं ठीक असल्याचं सांगते आहे.

परमिएटच्या फ्लोला तापमानाची दुरुस्ती लागते. पाणी एक अंश सेल्सिअसने गरम झालं की त्याच दाबाला फ्लो साधारण ३ टक्क्यांनी वाढतो. २५ अंशाला १० घनमीटर देणारा प्लांट २८ अंशाला, तेवढ्याच दाबाला आणि तेवढ्याच टीडीएसच्या पाण्यावर, ९.४ देत असेल तर तो ६ टक्के नव्हे, सुमारे १४ टक्के घसरला आहे. पाणी तापत जाणाऱ्या दिवसांत ही घसरण हमखास झाकली जाते, आणि जिवाणूंची वाढ जोरात असते तीही याच दिवसांत.

तुलनेसाठी मेम्ब्रेन बसवल्यानंतरच्या पहिल्या ४८ तासांतली स्थिर रीडिंग घ्या. तीच पायाभूत. त्यांच्यापेक्षा दुरुस्त केलेला डीपी १० ते १५ टक्क्यांनी वाढला किंवा दुरुस्त केलेला फ्लो १० टक्क्यांनी घटला की साफसफाई करायची. ५० टक्क्यांची वाट पाहू नका. तोवर कित्येक वाटा पूर्ण बुजलेल्या असतात, धुण्याचं द्रावण उरलेल्या मोकळ्या वाटांनी निघून जातं आणि जिथे घाण आहे तिथे पोचतच नाही. शिवाय डीपीला यांत्रिक मर्यादाही आहे: एका मेम्ब्रेनला साधारण १ बार, सहा मेम्ब्रेनच्या पूर्ण वेसलला ३.५ बार. त्यापुढे मेम्ब्रेनची गुंडाळी दुर्बिणीच्या नळीसारखी रिजेक्टच्या बाजूला सरकते आणि पानांच्या कडा फाटतात. तो बिघाड कुठल्याही रसायनाने दुरुस्त होत नाही.

चिकटाच आहे ना, याची खात्री

चुकीच्या निदानावर केलेली साफसफाई नुकसान करते, म्हणून इथे घाई नको. दुखणं कुठे आहे त्यावरून बरंच कळतं. शेवटच्या स्टेजला फ्लो घटला आणि टीडीएस वाढला असेल तर क्षार. पहिल्या स्टेजला डीपी चढला आणि टीडीएस जवळपास तसाच असेल तर चिकटा किंवा गाळ. गाळ बहुधा एखाद्या घटनेनंतर एकदम येतो: पुराचं गढूळ पाणी, फुटलेला सँड फिल्टर, नीट न बसलेलं कार्ट्रिज (आरओच्या आधीचा बारीक फिल्टर). चिकट्याचा आलेख आधी हळू चढतो आणि मग वेग घेतो. फ्लो वाढला आणि टीडीएसही वाढला, तर तो चिकटा नाही; क्लोरीनने मेम्ब्रेन जळाल्याची शक्यता मोठी.

मग हात लावून बघा. कार्ट्रिज फिल्टरचं हाऊसिंग उघडा आणि आतल्या भिंतीवरून बोट फिरवा. बुळबुळीत लागलं, कुबट वास आला, तर हाय प्रेशर पंपाच्या पलीकडे काय असेल याचा अंदाज तिथेच येतो. नंतर प्लांट बंद करून, दाब पूर्ण उतरवून पहिल्या स्टेजच्या एका वेसलचं फीडकडचं झाकण काढा. पहिल्या मेम्ब्रेनच्या तोंडावर पिवळट किंवा तपकिरी, जेलीसारखा थर दिसतो का बघा. तो खरवडून थोडा वाळवा आणि धातूच्या पट्टीवर धरून जाळा. जळक्या केसांसारखा वास आला तर त्यात प्रथिनं आहेत, म्हणजे जिवाणूंचा थर. नुसता गाळ किंवा लोह असेल तर असा वास येत नाही आणि जवळजवळ सगळं जसंच्या तसं उरतं. पहिलं आणि शेवटचं मेम्ब्रेन पाणी निथळून वजन करून बघणंही उपयोगी. पहिलं ठळकपणे जड भरलं तर साठा पुढच्या टोकाला आहे.

प्रयोगशाळेची सोय असेल तर चार ठिकाणचे नमुने घ्या: कच्चं पाणी, कार्बन फिल्टरनंतर, कार्ट्रिजनंतर आणि रिजेक्ट. नळाचं तोंड निर्जंतुक करून, दोनतीन मिनिटं पाणी सोडून मगच नमुना भरा. क्लोरीन असलेल्या नमुन्यात क्लोरीन संपवणारं थायोसल्फेट घालायला विसरू नका, नाहीतर वाटेत जिवाणू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. मोजणी आर-टू-ए या माध्यमावर, २० ते २८ अंशांना, ५ ते ७ दिवस ठेवून करायला सांगा. पाण्यातल्या उपाशी जिवाणूंना पोषक माध्यम आणि ३७ अंशांची ऊब मानवत नाही, त्यामुळे नेहमीच्या पद्धतीत ते दिसतच नाहीत.

आता आकडे एकमेकांशी ताडून बघा. दोन ठिकाणांच्या मध्ये संख्या उसळली असेल तर त्या दोहोंमध्ये घरटं आहे. रिजेक्टचा हिशोब तर फार बोलका असतो. ७५ टक्के रिकव्हरीच्या, म्हणजे फीडच्या ७५ टक्के परमिएट देणाऱ्या, प्लांटमध्ये रिजेक्ट हे फीडच्या चौपट दाट असतं, म्हणून जिवाणूही फार तर चौपट दिसायला हवेत. दहापट किंवा पन्नासपट दिसले तर जादाचे जिवाणू वेसलच्या आत जन्मलेत. एटीपीची (जिवंत पेशींतल्या एका रसायनाची) चाचणी हाताशी असेल तर हाच अंदाज काही मिनिटांत येतो.

एसडीआय (पाणी फिल्टर किती लवकर तुंबवतं ते सांगणारा आकडा) ३ च्या खाली आहे म्हणून चिकटा असणार नाही, असं समजू नका. एसडीआय ०.४५ मायक्रॉनच्या कागदावर अडकणारे कण मोजतो. पाण्यात विरघळलेलं जिवाणूंचं अन्न त्या कागदातून आरपार जातं.

साफसफाईची तयारी

पहिला नियम: सुरुवात अल्कलीने, आम्लाने कधीही नाही. आम्लात प्रथिनं साकळतात आणि सैल थर घट्ट होऊन मेम्ब्रेनला धरून बसतो. उच्च पीएचला हाच थर फुगतो, सैल होतो आणि सुटतो.

पाणी आरओचं परमिएटच हवं, क्लोरीन शून्य असलेलं. साध्या जड पाण्यात कॉस्टिक सोडा टाकून पीएच १२ केला की पाण्यातलं कॅल्शियम कार्बोनेट होऊन मेम्ब्रेनवरच बसतं आणि एका दुखण्याची दोन होतात.

द्रावणाचा अंदाज ८ इंची मेम्ब्रेनला ४० लिटर, ४ इंचीला १० लिटर. त्यात पाइप, फिल्टर हाऊसिंग आणि टाकीच्या तळाशी राहणारं पाणी वेगळं धरा. पहिल्या स्टेजला चार वेसल आणि प्रत्येकात सहा ८ इंची मेम्ब्रेन असतील तर २४ गुणिले ४०, म्हणजे ९६० लिटर. पाइप वगैरे धरून १,२०० लिटर. थर फार असेल तर दीडपट करा.

या १,२०० लिटरला लागतं:

- कॉस्टिक सोडा ०.१ टक्के: १.२ किलो
- सोडियम डोडेसिल सल्फेट ०.०२५ टक्के: ३०० ग्रॅम
- थर जुना असेल किंवा त्यात लोह आणि कॅल्शियमही मिसळलं असेल तर टेट्रासोडियम ईडीटीए १ टक्का: १२ किलो

ईडीटीए इथे क्षारांसाठी कमी आणि थरासाठी जास्त कामाला येतं. चिकट्यातल्या शर्करेच्या लांब साखळ्यांना कॅल्शियम एकमेकींशी बांधून ठेवतं. ईडीटीए ते कॅल्शियम ओढून घेतं आणि थराची वीणच उसवते.

सोडियम डोडेसिल सल्फेटऐवजी हाताला लागेल तो साबण किंवा डिटर्जंट वापरू नका. कॅटआयनिक (धन भाराचा) सर्फॅक्टंट, म्हणजे साबणासारखं रसायन, मेम्ब्रेनला असा चिकटतो की गेलेला फ्लो परत येत नाही.

पंप किती मोठा हवा? ८ इंची वेसलला तासाला ७ ते ९ घनमीटर, ४ इंची वेसलला १.८ ते २.३ घनमीटर, आणि दाब ४ बारच्या आत. चार वेसलला एकत्र धुवायचं तर ३२ घनमीटरच्या आसपासचा पंप लागतो. लहान पंप असेल तर वेसल दोनदोन करून धुवा. कमी फ्लोमध्ये थर सुटतो खरा, पण बाहेर वाहून जात नाही. अर्धवट साफसफाईचं सगळ्यात नेहमीचं कारण हेच आहे. टाकीला हीटर, परतीच्या लाइनवर ५ ते १० मायक्रॉनचा फिल्टर, फ्लो मीटर, थर्मामीटर आणि नमुन्याचा नळ हवाच.

हातमोजे आणि डोळ्यांना बंदिस्त गॉगल घालूनच कामाला लागा. कॉस्टिक पाण्यात टाकायचा, कॉस्टिकवर पाणी ओतायचं नाही.

साफसफाईच्या पायऱ्या

१. प्लांट बंद करून परमिएटने कमी दाबाला फ्लश करा, म्हणजे आतलं दाट पाणी निघून जाईल. स्टेज एकमेकींपासून तोडा. पहिल्या स्टेजचा सुटलेला चिकटा दुसऱ्या स्टेजमधून नेऊ नका. तो तिथे अडकतो.

२. टाकीत परमिएट घेऊन कॉस्टिक विरघळवा, मग ईडीटीए, शेवटी सोडियम डोडेसिल सल्फेट सावकाश. ते जोरात ढवळलं तर फेसाने टाकी भरते. पीएच ११.५ ते १२, तापमान ३० ते ३५ अंश करून घ्या. मेम्ब्रेनच्या माहितीपत्रकात तापमानागणिक पीएचची मर्यादा दिलेली असते. पीएच जितका जास्त, तितकं चालणारं तापमान कमी. ती मर्यादा आधी बघा.

३. निम्म्याहून कमी फ्लोने द्रावण आत सोडा. दिशा नेहमीच्या फीडचीच. सुरुवातीला परत येणारं पाणी आतल्या जुन्या पाण्याने पातळ झालेलं असतं. ते टाकीत न घेता गटारात सोडा. पहिलं परतीचं द्रावण चहासारखं तपकिरी आणि फेसाळ आलं तर तेही सोडून द्या. एकूण द्रावणाच्या १५ ते २० टक्के गेलं तरी चालेल. तेवढं ताजं द्रावण वर घाला.

४. अर्धा तास कमी फ्लोवर फिरवा. परमिएटचा व्हॉल्व्ह उघडाच असू द्या, पण दाब इतका कमी ठेवा की परमिएट जवळजवळ निघणारच नाही. दाब वाढला तर सुटलेला चिकटा पुन्हा मेम्ब्रेनवर दाबला जातो. पीएच घसरत असेल तर रसायन खर्ची पडतंय, म्हणजे काम होतंय. कॉस्टिक घालून तो परत वर आणा. रंग फारच गडद झाला तर सगळं ओतून नवीन द्रावण करा. मळक्या पाण्यात कपडे धुण्यात अर्थ नाही.

५. पंप बंद करून भिजत ठेवा. साध्या थराला तास-दोन तास पुरतात. जुन्या थराला रात्रभर, १० ते १५ तास. या काळात द्रावण गार पडू देऊ नका. पूर्ण फ्लोच्या दहाव्या हिश्शाने फिरवत राहिलात तर तापमान टिकतं. २० अंशांच्या खाली याच रसायनाचा परिणाम फार कमी होतो.

६. आता पूर्ण फ्लो: वेसलला ७ ते ९ घनमीटर, अर्धा ते एक तास. सुटलेला माल बाहेर पडतो तो या पायरीत. डीपीवर लक्ष ठेवा, वेसलची ३.५ बारची मर्यादा इथेही आहेच. परतीच्या लाइनवरचा फिल्टर तुंबला तर बदला.

७. नमुना काचेच्या ग्लासात घेऊन उजेडात धरा. अजून धागे, पापुद्रे, गढूळपणा येत असेल तर नवीन द्रावण करून भिजवण्यापासून पुन्हा. चिकटा एका फेरीत दाद देईलच असं नाही. दुसऱ्या फेरीत पहिल्यापेक्षा जास्त घाण निघणं हे चांगलं लक्षण समजा.

८. परमिएटने धुवा. पाणी २० अंशांपेक्षा गार नको, नाहीतर आतली रसायनं बाहेर पडण्याआधीच साकळतात. निघणाऱ्या पाण्याचा पीएच आणि कंडक्टिव्हिटी आत जाणाऱ्याइतकी झाली आणि फेस थांबला की पुरे.

९. लोह किंवा कॅल्शियमचा संशय असेल तर आता आम्लाची फेरी: सायट्रिक आम्ल २ टक्के किंवा पीएच २ च्या आसपास हायड्रोक्लोरिक. थर निघाल्यावर आम्लाला काम सोपं जातं. ही फेरी झाल्यावर पुन्हा धुणं आलंच.

प्लांट सुरू केल्यावर पहिलं १० मिनिटं ते तासभराचं परमिएट सोडून द्या. अल्कलीने धुतलेलं मेम्ब्रेन सुरुवातीला थोडं जास्त पाणी आणि थोडे जास्त क्षार सोडतं. दोनतीन दिवसांत ते जागेवर येतं, म्हणून पहिल्या तासाच्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका. ४८ तासांनी दुरुस्त डीपी काढा. तो पायाभूत आकड्याच्या जवळ आला नसेल तर थर आत शिल्लक आहे, आणि तो दोन-चार आठवड्यांत तुम्हाला परत बोलावणार.

मारण्याचं काम, आणि क्लोरीनचा मोह

हल्लीची जवळपास सगळी आरओ मेम्ब्रेन पॉलिअमाइड या प्लास्टिकची असतात आणि मुक्त क्लोरीन पॉलिअमाइड जाळतो. ०.१ पीपीएमच्या वर सततचा क्लोरीन चालत नाही. पाण्यात लोह किंवा इतर धातू असतील तर हे जळणं आणखी वेगाने होतं. 'एकदाच हायपो (क्लोरीनचं द्रावण) मारून घेऊ' असा मोह कितीही झाला तरी आवरा. चिकटा निघेल, मेम्ब्रेनही जाईल.

थर काढून झाल्यावर डीबीएनपीए हे जंतुनाशक वापरता येतं: १०० पीपीएम सक्रिय घटक, अर्धा ते एक तास. ते घालताना एसएमबीएसचा (क्लोरीन संपवणाऱ्या सोडियम मेटाबायसल्फाइटचा) डोस बंद ठेवा. एसएमबीएस आणि डीबीएनपीए एकमेकांना खाऊन टाकतात आणि मेम्ब्रेनपर्यंत काहीच पोचत नाही. पीएचही सांभाळा. पीएच ७ ला त्याचा निम्मा भाग नष्ट व्हायला साधारण दिवस लागतो, पीएच ९ ला जेमतेम पाव तास, म्हणून अल्कलीच्या फेरीनंतर नीट न धुता ते घातलं तर वाया जातं. प्लांट पिण्याच्या पाण्याचा असेल तर हे काम पुरवठा बंद ठेवूनच करा आणि त्या वेळचं, शिवाय नंतरच्या फ्लशिंगचं परमिएट सोडून द्या.

हायड्रोजन पेरॉक्साइड आणि पेरासिटिक आम्लाचं ०.२ टक्के मिश्रणही चालतं, पण २५ अंशांच्या आत, पीएच ३ ते ४ ला, २० मिनिटं, आणि लोह आम्लाने पूर्ण काढल्यावरच. लोह शिल्लक असेल तर पेरॉक्साइडही मेम्ब्रेन जाळतं.

अन्न कुठून येतं

चिकटा महिन्याभरात परत येत असेल तर दोष साफसफाईत शोधण्याआधी आरओच्या मागे चालत जा. एकेक टाकी, एकेक पाइप बघा.

कार्बन फिल्टरवर पहिला संशय घ्या. कार्बनच्या वरच्या काही इंचांतच क्लोरीन संपतो, आणि त्याखालचा सगळा थर म्हणजे क्लोरीन नसलेली, सेंद्रिय पदार्थ साठलेली, कोट्यवधी छिद्रांची जागा. जिवाणूंना आणखी काय हवं? कार्बन ठेवायचाच असेल तर नियमित बॅकवॉश करा, टाकी आणि पाइप गरम पाण्याला चालणारे असतील तर ८० अंशांच्या पाण्याने ठरावीक अंतराने निर्जंतुक करा आणि कार्बन वेळेवर बदला. नुसत्या क्लोरीनसाठीच तो बसवला असेल तर त्याऐवजी एसएमबीएसचा डोस बरा.

एसएमबीएसचं गणित: १ मिलिग्रॅम क्लोरीनला हिशोबाने १.३४ मिलिग्रॅम, व्यवहारात ३ मिलिग्रॅमपर्यंत. फीड २० घनमीटर आणि क्लोरीन ०.५ पीपीएम असेल तर तासाला १० ग्रॅम क्लोरीन, म्हणजे ३० ग्रॅम एसएमबीएस, म्हणजे १० टक्के द्रावणाचे सुमारे ३०० मिली. १० टक्के द्रावण आठवडाभरात वापरून टाका. हवेतल्या ऑक्सिजनने त्याची ताकद जाते. अंदाजाने दुप्पट-तिप्पट ओतू नका. पाण्यातला ऑक्सिजन संपला की सल्फेटवर जगणारे जिवाणू माजतात आणि कुजक्या अंड्याचा वास सुरू होतो. डोसची जागा जमेल तितकी आरओच्या जवळ ठेवा, म्हणजे त्याआधीची सगळी लाइन आणि कार्ट्रिजसुद्धा क्लोरीनखाली राहील. मात्र मिसळण्यासाठी स्टॅटिक मिक्सर आणि त्यानंतर ओआरपी मीटर (क्लोरीन उरला आहे का ते दाखवणारा) हवाच. ओआरपी २०० मिलिव्होल्टच्या आसपास किंवा खाली असावा, आणि तो चढला तर हाय प्रेशर पंप आपोआप बंद व्हायला हवा.

आरओच्या आधीच्या लाइनला क्लोरीन द्यायचा तर सलग द्या, ०.५ ते १ पीपीएम शिल्लक राहील असा. अधूनमधून दिलेला क्लोरीन पाण्यातले मोठे सेंद्रिय रेणू फोडून त्यांचे बारीक, पचायला सोपे तुकडे करतो. दोन डोसच्या मध्ये वाचलेल्या जिवाणूंना ती मेजवानीच ठरते.

अँटिस्केलंटची टाकी उघडून आत हात फिरवा. दहापटीपेक्षा जास्त पातळ केलेल्या अँटिस्केलंटमध्ये जिवाणू सुखाने वाढतात आणि डोसिंग पंप त्यांना थेट मेम्ब्रेनवर पाठवतो. पातळ करायचंच तर परमिएटने करा, काही दिवसांपुरतंच करा, आणि नवीन भरण्याआधी टाकी घासा. जुन्यावर नवीन ओतत जाऊ नका. फॉस्फेटयुक्त जुन्या प्रकारचं रसायन वापरत असाल तर बदला. फॉस्फरस हे जिवाणूंचं खत आहे.

कार्ट्रिज डीपी चढला नाही म्हणून महिनोन्‌महिने ठेवू नका. तीन महिने ही टोकाची मुदत. उबदार पाण्यावर महिनाही पुष्कळ. बदलताना हाऊसिंगची आतली भिंत घासून निर्जंतुक करा. जुन्या चिकट्यात नवीन कार्ट्रिज ठेवून काय मिळणार?

टाक्यांवर ऊन पडत असेल आणि त्या पारदर्शक किंवा पांढऱ्या पातळ प्लास्टिकच्या असतील तर शेवाळ धरतं. झाकण बंद ठेवा, हवेच्या तोंडावर फिल्टर लावा. बंद केलेल्या जुन्या फांद्या, न वापरलेले टी-जोड, लांबलचक बायपास लाइन कापून टाका. त्यात पाणी साचून राहतं आणि प्रत्येक वेळी दाब बदलला की त्यातले जिवाणू मुख्य लाइनमध्ये येतात.

यूव्ही दिवा त्याच्यासमोरून जाणाऱ्या पाण्यातले जिवाणू मारतो, पुढच्या पाइपमध्ये आधीच बसलेला थर नाही. अल्ट्राफिल्ट्रेशन (यूएफ) जिवाणू अडवतं, विरघळलेलं अन्न अडवत नाही. दोन्ही उपयोगी आहेत, पण यूएफ बसवलं म्हणून टाकी आणि डोसिंगकडे दुर्लक्ष केलेले प्लांटही तुंबतात.

प्लांट बंद असताना

दिवसातले आठ तास चालणारे लहान प्लांट सगळ्यात जास्त तुंबतात, कारण उरलेले सोळा तास आतलं पाणी उभं असतं. बंद करताना दर वेळी परमिएटने फ्लश करा. आपोआप फ्लशची सोय नसेल तर परमिएटच्या टाकीतून लहान पंपाने करता येतं. वेसलमधलं पाणी पूर्ण बदलेपर्यंत चालवायचं. दोन दिवसांच्या आत पुन्हा सुरू होणार असेल तर एवढं पुरतं. पाणी उबदार असेल तर दर २४ तासांनी फ्लश पुन्हा करा.

त्यापेक्षा जास्त काळ बंद राहणार असेल तर आधी साफसफाई, मग १ ते १.५ टक्के एसएमबीएसचं द्रावण भरून, हवा काढून, सगळे व्हॉल्व्ह बंद. १,००० लिटरला १० ते १५ किलो. हे द्रावण आम्लाला लागू देऊ नका, विषारी वायू सुटतो. दर आठवड्याला पीएच बघा. तो ३ च्या खाली गेला की द्रावण बदला. नाही गेला तरी महिन्यातून एकदा बदलाच. आत चिकटा असलेल्या वेसलमध्ये हे द्रावण भरून ठेवल्याने काही साधत नाही, थराच्या आतले जिवाणू जगतातच.

मेम्ब्रेन बदलायचं झालं तर

दोन पूर्ण फेऱ्यांनंतरही दुरुस्त डीपी पायाभूत आकड्याच्या दीडपटीवर अडला, किंवा गुंडाळी सरकलेली दिसली, तर त्या वेसलमधली पुढची एक-दोन मेम्ब्रेन बदलणं शहाणपणाचं. मागची बहुतेक वेळा चांगली असतात. पण नवीन मेम्ब्रेन बसवण्याआधी, वेसल रिकामी असतानाच, फीडची लाइन, कार्ट्रिजचं हाऊसिंग आणि वेसल क्लोरीनने निर्जंतुक करून घ्या. वेसलमध्ये क्लोरीन वापरायची ही एकमेव सुरक्षित संधी असते, कारण मेम्ब्रेन आत नसतं. स्टेनलेस स्टीलच्या भागांत तो तासाभरापेक्षा जास्त उभा ठेवू नका, भरपूर पाण्याने काढा आणि शेवटच्या पाण्यात क्लोरीन शून्य असल्याचं किटने तपासा. वेसलच्या आत स्वच्छ कापडाचा बोळा काठीला बांधून फिरवा. तो बुळबुळीत निघाला तर पुन्हा फिरवा. ब्राइन सील (मेम्ब्रेन आणि वेसलमधली फट बंद करणारी रबरी कडी) आणि ओ-रिंगला ग्लिसरीन लावा, पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस नको. ब्राइन सीलची उघडी कड फीडच्या बाजूला आहे ना, हे प्रत्येक मेम्ब्रेन सरकवताना बघा. ती उलटी बसली तर पाणी मेम्ब्रेनच्या बाहेरून निघून जातं, आतला फ्लो मंदावतो, आणि मंद पाण्यात जिवाणूंना बसायला वेळ लागत नाही.